सिद्रामअप्पांचा राहिलेला स्क्रू

सिद्रामअप्पांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूत एक स्क्रू कमी असायचा.

वस्तू चालायची, त्याबद्दल तक्रार नाही. इस्त्री तापायची, पंखा फिरायचा, मिक्सर कोरडं खोबरंसुद्धा वाटायचा. पण घरी नेऊन उलटीपालटी केली की कुठंतरी एक बारीक भोक मोकळं दिसायचं. मग चार-पाच दिवसांत, ऊन उतरल्यावर, अप्पा दारात हजर. गिरणीच्या वेळचा खाकी शर्ट, पांढरी टोपी, हातात रुमालात गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर. "तुमचा एक ऱ्हायला की ओ," म्हणत ते चपला काढायचे आणि घरातलं माणूस काही बोलायच्या आत सतरंजीवर बसलेले असायचे.

चौतीस वर्षं सूतगिरणीत फिटर असलेला माणूस, आणि दर वेळी एक स्क्रू विसरतो, याचं आमच्या मंडळात सगळ्यांना नवल वाटायचं. मुश्ताकभाई तर तोंडावर म्हणायचे, "अप्पा, अल्लामियाँने तुमकू बनाते वक्त बी एक रख लिया क्या की!" अप्पा हसायचे. वरचे दोन दात नव्हते, त्यामुळं त्यांचं हसू नेहमी अर्धवट दुरुस्त केल्यासारखं दिसायचं.

आमचं मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी महापालिकेच्या एका शाळेच्या व्हरांड्यात बसणारी सात-आठ माणसं. लोकांनी मोडक्या वस्तू आणायच्या, आम्ही फुकट दुरुस्त करून द्यायच्या, म्हणजे त्या कचऱ्यात जात नाहीत. नाव मोठं आहे, पर्यावरणाचं आहे, बोर्डावर झाडाचं चित्र आहे. पण सोलापुरात आम्हाला सगळे भंगार मंडळ म्हणतात. रिक्षावाल्याला खरं नाव सांगितलं तर तो दुसरीकडंच नेतो.

मंडळ माने मॅडमनी काढलं. त्या कॉलेजात पर्यावरण शिकवतात. बाकीचे शिक्षक पोरांची सहल किल्ल्यावर नेतात, मॅडम कचरा डेपोवर नेतात. मुश्ताकभाई जळालेल्या मोटारी बघतात. मी चेन, छत्र्या, दप्तरं, पिशव्या शिवते. आणि उरलेलं सगळं, म्हणजे ज्याला स्क्रू आहे ते सगळं, अप्पांचं.

अप्पांपुढं वस्तू ठेवून "बिघडलंय" म्हटलेलं चालायचं नाही.

"बिगडलंय ते मला दिसतंय. काय करताना थांबलं ते सांगा."

"चटणी वाटताना."

"कसली?"

"जवसाची."

"घरात कोण कोण हुतं?"

याचा मिक्सरशी काय संबंध, ते कुणालाच कळायचं नाही. पण माणूस सांगत बसायचा. सासूबाई होत्या, धाकटी जाऊ माहेराहून आली होती, गॅस संपत आला होता. मागं रांग वाढायची. मॅडम घड्याळ बघायच्या. अप्पा मान हलवत ऐकायचे आणि मग झाकण उघडायचे. लोकांची नावं त्यांच्या ध्यानात राहायची नाहीत. माणसं वस्तूवरून राहायची. रस्त्यात भेटलं तरी "काय डबल शेगडी, बरंय का?" मी इस्त्री घेऊन आले होते, म्हणून मी आजतागायत इस्त्रीच्या बाई.

दोन गोष्टींवर त्यांचा फार राग. पहिली चिकटवण्याची ट्यूब. व्हरांड्यात कुणी ट्यूब काढली की ते उठून लांब जायचे. म्हणायचे, "चिकटवलं म्हंजे झाकलं. आत काय चाललंय ते उद्याच्या माणसाला कळत न्हाय." दुसरी, भोकाच्या मापाचा नसलेला स्क्रू दाबून बसवणं.

आणि एक त्यांची शिकवण होती, ती ते येईल त्याला ऐकवायचे. प्रत्येक यंत्रात कामाचे स्क्रू असतात आणि एक मानाचा असतो. "चौघं ओझं उचलत्यात, पाचवा नुसता फोटोत हुबा ऱ्हातो. कंपनीनं दिलाय म्हणून हाय. काढला तरी कायबी हुत न्हाय. पण आसावा. मान आसतो त्याचा."

मी सोलापूरची नाही. माझं गाव पार तिकडं, गोंदियाच्या बाजूला, धानाचं. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं, मग आमच्या ह्यांना इकडं टॉवेलच्या गाड्या चालवायचं काम मिळालं आणि एमआयडीसीजवळच्या एका खोलीत आम्ही आलो. हे गाडी घेऊन गेले की चार-पाच दिवस येत नाहीत. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाते. तिथं बायका चांगल्या आहेत, पण त्या आपसात तेलुगूत बोलतात आणि मी बोलले की माझ्या "जी"ला हसतात. मला धास्ती पटकन लागते. दारावर कुणी थाप मारली की आधी वाटतं, काहीतरी वाईट सांगायला आलंय.

आठ महिन्यांत त्या खोलीत लाईटबिलवाल्याशिवाय कुणी आलं नव्हतं. तोही मीटर बाहेरच असल्यानं आत येत नसे.

इस्त्री दुरुस्त करून आणली त्याच्या पाचव्या दिवशी थाप पडली. मी कडी काढली नाही. बाहेरून आवाज आला, "इस्त्रीच्या बाई, तुमचा मानाचा ऱ्हायला की. ह्यो बगा, हितं हाय माज्याकडं." फटीतून पाहिलं तर टोपी दिसली.

अप्पांनी स्क्रू बसवला. दोन मिनिटांचं काम. पण त्याआधी त्यांनी वायर तपासली, मग बोर्ड तपासला, मग कॅलेंडरचा खिळा ठोकून नीट केला. मी चहा ठेवला. आमच्याकडं कप नव्हते, स्टीलचे दोन पेले होते. त्यांनी पेला रुमालात धरला आणि विचारलं, "गाव कंचं?"

मी सांगितलं.

"तिकडं काय पिकतं?"

"धान जी. भाताचं."

"आनि ज्वारी?"

"नाही पिकत."

"मग भाकरी कशाची खाता ओ?"

"रोज भातच जी."

त्यांनी पेला खाली ठेवला. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. "अरारा," म्हणाले, "रोजच आजाऱ्याचं जेवण!"

मी हसले. सोलापुरात आल्यावर मोठ्यानं हसल्याचं ते मला पहिलं आठवतं. ते गेल्यावर मी दोन पेले विसळायला घेतले, आणि दोन पेले विसळायचे आहेत एवढ्यानंच मला रडू आलं. पुढच्या रविवारी मी मंडळात गेले आणि मॅडमना विचारलं, मला शिवणाचं येतं, बसू का? तेव्हापासून बसते.

दोन वर्षं गेली. एका रविवारी अप्पांच्या खिशाची शिवण उसवली. खाकी शर्टाचा खिसा एका बाजूनं लोंबत होता आणि ते त्यावर हात दाबून काम करत होते.

मी म्हटलं, "अप्पा, द्या इकडं, दोन टाके घालते."

"नको नको. ऱ्हाऊ द्या."

मुश्ताकभाई ओरडले, "दुनिया का रिपेर करता अन् खुद का खिसा फाटेला! उतारो अप्पा, शरमाते क्या?"

अप्पांना बनियनवर बसायची लाज वाटत होती. खिशातलं काढून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. शर्ट माझ्यापुढं टाकून ते हात धुवायच्या निमित्तानं नळाकडं निघून गेले.

खिशात पाच पुड्या होत्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या, अंगाऱ्याच्या पुडीसारख्या घड्या घातलेल्या. प्रत्येकीत एक स्क्रू. आणि प्रत्येकीवर पेन्सिलीनं लिहिलेलं. दुसऱ्याचं वाचू नये एवढं मला सातवीत नक्की शिकवलं होतं. तरी वाचलं.

"मिक्सर, साखर पेठ. चहा लई गोड. अर्धा सांगणे."

"शेगडी, वळसंग. पोरीचं जमलं का विचारणे. एसटी साडेतीनची."

"रेडिओ. म्हातारा बहिरा. जवळ बसणे."

"टेबलफॅन, सात रस्ता, तिसरा मजला. काकूंचा गुडगा."

पाचवी माझी होती. त्याच सकाळी माझं शिलाई मशीन त्यांनी नीट करून दिलं होतं. "मशीन. बाई लांबच्या. रडव्या आसतात. नवरा आला का विचारणे."

मला राग यायला हवा होता. मी पाचही पुड्या होत्या तशा ठेवल्या आणि खिसा शिवायला घेतला, तर सुईत दोराच जाईना.

अप्पा आले. पुड्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"वाचलं?"

"नाही जी."

"बरं केलं." त्यांनी शर्ट घातला, बटणं लावली, खिसा दोनदा चाचपला. मग माझ्याकडं न बघता, हळूच, "मानाचाच काढतो, बाई. कामाचा एकबी न्हाय. कदीच न्हाय."

त्यानंतर मी त्यांना नव्यानं पाहू लागले. कोण कोण होतं घरात, हे ते का विचारतात ते कळलं. कामावर चहा नको म्हणत ते मंडळाचा चहा का पीत नसत, तेही कळलं. पोटात जागा ठेवून असायचे बिचारे. आठवड्यात पाच घरं म्हणजे पाच चहा. शनिवारी खिसा रिकामा आणि रविवारी पुन्हा भरायचा. मी कुणाला काही बोलले नाही. कुणाला सांगणार, आणि काय म्हणून?

आणि मग ते सात रस्त्याचं झालं.

ज्या टेबलफॅनची पुडी मी वाचली होती, तो फॅन पाटणकर साहेबांचा. साहेब कुठल्याशा ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. काकू गुडघ्यानं बेजार. फॅनच्या पुढच्या जाळीला चार ठिकाणी पकड असते, चारही स्क्रूची. अप्पांच्या हिशेबानं तीन पुरतात, चौथा मानाचा. तो त्यांनी काढून घेतला. बुधवारी नेऊन बसवणार होते. मंगळवारी दुपारी काकूंनी फॅन जरा सरकवायला हात लावला आणि जाळी सुटली. बोटाला चार टाके पडले.

पुढच्या रविवारी साहेब स्वतः आले. फॅन वर्तमानपत्रात बांधून आणला होता, खून झालेल्या ठिकाणची वस्तू आणावी तसा. व्हरांड्यातलं सगळं काम थांबलं.

"मॅडम, तुमची समाजसेवा मला मान्य आहे," साहेब म्हणाले. "पण ज्याला चार स्क्रू मोजता येत नाहीत त्याच्या हातात लोकांचा जीव देता? डोळा गेला असता तिचा!"

"अहो बसा तरी साहेब. काकू कशा आहेत?" मॅडमचा चेहरा उतरला होता.

"उजवा हात आहे. मी भाकरी थापतोय चार दिवस. कशा असतील?"

एरवी कुणीतरी हसलं असतं. कुणी हसलं नाही.

मुश्ताकभाई मध्ये पडले. "साब, बुड्ढे हो गए हमारे अप्पा. उमर हुई, भूल गए होंगे. जानबूझके कौन करता?"

अप्पांनी फॅन जवळ ओढला. मी शेजारीच बसले होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी जाळीच्या एकेका पकडीवर बोट फिरवलं. दोन शाबूत. एक त्यांनीच मोकळी सोडलेली. आणि चौथी मोडून हातात आली होती. तिच्यावर काळा रंग होता. अप्पांनी नखानं रंग खरवडला. खाली पिवळट, वाळलेला गोंद. ती पकड आधीच कधीतरी तुटलेली होती. कुणीतरी, म्हणजे साहेबांनीच, ट्यूबनं चिकटवून वरून रंग दिला होता. स्क्रू दिसायला होता, धरायला नव्हता. म्हणजे जाळी तीन नाही, दोनच पकडींवर उभी होती.

ज्या माणसानं जन्मभर ट्यूबचा द्वेष केला त्याला ते आधीच्या रविवारी कळलं नव्हतं, आता कळलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, साहेब, हे बघा. निम्मा दोष तिथंच फिटला असता. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही चौथा का काढला? ते विसरले नव्हते, त्यांनी काढला होता, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा मी नंतर फार विचार केला. अप्पांना सगळं आठवतं, त्यांचा हात अजून पक्का आहे, हे मला सिद्ध करता आलं असतं. पण त्यासाठी पाच पुड्या सांगाव्या लागल्या असत्या. सगळ्यांपुढं, साहेबांपुढं, की हे म्हातारे चहाला कुणी बोलवत नाही म्हणून स्क्रू चोरतात.

अप्पांनी हलकेच मान हलवली. नको.

मग ते साहेबांकडं वळून म्हणाले, "इसरलो, साहेब. वय झालं. काकूंची माफी मागतो. ध्यानात ऱ्हात न्हाय आता."

जवसाची चटणी, धाकटी जाऊ, संपत आलेला गॅस, सगळं ध्यानात ठेवणारा माणूस हे म्हणत होता. गोंदावर त्यांनी अंगठा ठेवला होता, साहेबांना दिसू नये म्हणून.

साहेबांचा राग त्यापुढं टिकला नाही. "बरं, बरं," म्हणाले, "पण यापुढं यांना काम देऊ नका." आणि फॅन तिथंच सोडून गेले.

मॅडमना अप्पा आवडायचे, म्हणून त्यांनी निर्णय गोड करून सांगितला. काही वस्तूंना सुटे भाग लागतात, त्या आठवडाभर आमच्याकडंच राहतात, म्हाताऱ्या लोकांना परत न्यायला यायला जमत नाही. तर अप्पांनी आता हत्यार न धरता वस्तू घरपोच द्याव्यात. "तुम्हाला सगळ्यांची घरं माहीतच आहेत, अप्पा. नाहीतरी तुम्ही जाताच."

मला वाटलं, हे तर बरंच झालं! हवं होतं तेच मिळालं यांना, तेही हक्कानं. मी घरी जाताना देवाचे आभार मानले. इतकी मी भोळी.

पुढच्या आठवड्यात माझी सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. साखर पेठेतला मिक्सर पुन्हा बंद पडून आला होता, तो द्यायचा होता. बेल वाजवली. दार अर्धं उघडलं, आतून हात आला.

"हां, ठेवा तिथं."

"ताई, मिक्सर आनलाय, भंगार मंडळातनं."

"हो हो, मॅडमचा मेसेज आला होता. ओटीपी सांगायचाय का?"

"क-काय?"

"काही नाही का? बरं, थँक्यू हं." दार लागलं.

हेच ते घर, जिथला चहा लई गोड होता आणि अर्धा सांगायचा होता. तीच बाई. स्क्रू घेऊन आलेल्या माणसाला आत घ्यावंच लागतं. त्याला खाली बसायला जागा लागते, उजेड लागतो, वेळ लागतो, आणि तो काम करत असताना त्याला चहा विचारावाच लागतो. पिशवी घेऊन आलेल्या माणसाकडून पिशवी घेतली की झालं.

आम्ही अजून दोन घरं केली. एका ठिकाणी वॉचमननंच खाली ठेवून घेतलं. परत येताना अप्पा रसवंतीपुढं थांबले, खिसा चाचपला, तो मी शिवलेला खिसा, आणि पुन्हा चालू लागले.

दीड महिना त्यांनी घरपोच केलं. मग एका रविवारी आले नाहीत. दुसऱ्या रविवारीही नाही. मुश्ताकभाई म्हणाले, "रूठ गए." मॅडम म्हणाल्या, उन्हाचा त्रास असेल. फोन लावला तर बंद. कुणीतरी जाऊन बघायला हवं, असं सगळ्यांनी म्हटलं. तेव्हा लक्षात आलं की शहरातल्या निम्म्या घरांत जाऊन आलेल्या या माणसाच्या घरी आमच्यातलं कुणीच कधी गेलेलं नाही. वहीत पत्ता होता. बंद पडलेल्या गिरणीच्या मागची चाळ.

मी गेले. तीनदा वाट विचारली. दार उघडंच होतं. अप्पा खाटेवर बसून भिंतीकडं बघत होते. मला पाहून झटकन उठले आणि त्यांचा हात सवयीनं स्क्रूड्रायव्हरकडं गेला.

"काय मोडलं?"

"काही नाही जी."

"मशीन?"

"चालू आहे."

"मग?"

"सहज आले."

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं, कुणी आहे का म्हणून. "कुनी पाटिवलं? मॅडमनी?"

"नाही. मीच. तुम्ही दिसला नाहीत म्हणून."

त्या खोलीत दुरुस्त करण्यासारखं काहीही नव्हतं. पंखा बिनआवाज फिरत होता. नळ गळत नव्हता. कपाटाचं दार बोटानं लागत होतं. भिंतीवर एका बाईंचा फोटो होता, जुना, प्लास्टिकचा हार नुकताच पुसलेला. मुलगा हैदराबादला असतो, महिन्याला फोन करतो, एवढं त्यांनी सांगितलं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की पाहुणी आली आहे. चहा ठेवला, आणि पातेल्यापाशी थांबले. घरात कप एकच होता. "आलोच," म्हणून ते शेजारी गेले. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.

"वैनी, एक कप द्या की."

"कशाला ओ अप्पा?"

"पाव्हनी आलीया."

"तुमच्याकडं?" बाईंचा आवाज एवढा चढला की पलीकडचंही कुणीतरी बाहेर आलं. "खरं म्हनता? थांबा, बशी बी घ्या. बिस्किटं हायत का? घ्या हा पुडा."

अप्पा कपबशी दोन्ही हातांनी धरून आले, भरलेली असल्यासारखी.

चहा घेताना मी विचारलं, "माझ्याकडं का नाही येत आता?"

"काय घिऊन यिऊ? तुमचं समदं चालू हाय."

"काही न घेता या."

त्यांनी कप बशीत ठेवला. "गिरनीत तीन पाळ्या हुत्या बाई. दिवसा झोपायचं, रात्री जायचं. लग्नाला, बारशाला, कुटंबी जाणं म्हंजे ही जायाची." त्यांनी फोटोकडं मान केली. "मी कुनाच्या घरी गेलो ते यंत्र बगायलाच. नुसतं कसं जात्यात, ते शिकायचं ऱ्हाऊन गेलं."

निघताना मी पुन्हा सांगितलं, गुरुवारी माझी सुट्टी असते, या. ते हो म्हणाले, पण गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी दोन्ही वेळा दूध जास्त घेतलं होतं आणि दोन्ही वेळा ते नासलं.

तिसऱ्या गुरुवारी चारच्या सुमाराला आले. खाकी शर्ट नव्हता. पांढरा, इस्त्री केलेला, घडीच्या रेघा पडलेला शर्ट होता. लग्नातला असावा, कॉलर मोठी होती. टोपी नवी. हातात रुमाल नाही, हत्यार नाही, पिशवी नाही. हात कुठं ठेवावेत ते न कळून त्यांनी मागं बांधले होते.

"नुसताच आलोय," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"या ना जी."

ते सतरंजीवर बसले. बोर्डाकडं पाहिलं, तो नीट होता. कॅलेंडरकडं पाहिलं. मग हात गुडघ्यांवर ठेवले आणि फोटो काढायला बसल्यासारखे ताठ राहिले. मी चहा दिला. आमचे हे कधी येणार, त्यांनी विचारलं. शनिवारी, म्हटलं. गावाकडं पाऊस पडला का, विचारलं. नाही, म्हटलं. मग आम्हा दोघांनाही काही सुचेना. बाहेर लूमचा खटखटाट चालू होता, तो ऐकत बसलो. त्यांनी चहा संपवला, पेला दूर सरकवला, उठल्यासारखं केलं, पुन्हा बसले.

मग माझ्याकडं वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"बाई, नुसतं आलं तर किती वेळ बसायचं आसतं?"

मलाही माहीत नव्हतं. माझ्याकडं तरी कोण आलं होतं? मी उठले आणि दुसऱ्यांदा आधण ठेवलं.